त्रेचाळिसावी हजेरी

नावडे कॉलनीतल्या हौसेराव पिसाळांना कुणी वेळ विचारली, तर 'साडेनऊ झाले' असं त्यांच्या तोंडून कधी यायचं नाही. 'नऊ एकतीस' असं यायचं. विचारणाऱ्याला वाटायचं, माणूस आपल्यावर चिडलाय. चिडलेले नसत हो, घडणच तशी होती. तळोजाच्या एका रंगाच्या कारखान्यात चौदा वर्षं टाइमकीपर म्हणून काढली होती त्यांनी. गेटाला लागून एक खिडकी, खिडकीच्या आत हौसेराव, पुढ्यात हजेरीचं रजिस्टर. कामगार यायचा, पितळी बिल्ला खिडकीत टाकायचा. हौसेराव नंबर आणि नाव मोठ्यानं वाचायचे, 'हजर' म्हणायचे आणि खूण करायचे. भोंगा वाजल्यावर तीन मिनिटं सूट. चौथ्या मिनिटाला अर्धा दिवस कापला. मग घरी बायको बाळंत झालेली असो, नाहीतर म्हैस.

म्हशीचं नाव उगाच नाही घेतलं. बिल्ला नंबर एकशे सतरा, गोटीराम, शेजारच्याच गावचा. घरी चार म्हशी. त्यांच्या धारा काढून, दूध घालून पळत यायचा आणि चौथ्या मिनिटाला खिडकीशी धापा टाकत उभा राहायचा. चौदा वर्षांत एकदा वेळेवर आला असेल तर शपथ. 'सायेब, म्हशीला घड्याल कलत नाय,' असं तो हात जोडून म्हणायचा. मला कळतं, म्हणत हौसेराव अर्धा दिवस मारायचे. गोटीरामच्या असल्या अर्ध्या दिवसांची बेरीज केली असती, तर एखादं वर्ष सहज निघालं असतं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी मालकानं गेटाला कुलूप घातलं आणि नोटीस चिकटवून तो जो गेला तो गेलाच. माणसं वेळेवर आली, नोटीस वाचून बेकार झाली. गोटीराम नेहमीप्रमाणे उशिरा आला, म्हणून त्याची नोकरी इतरांपेक्षा चार मिनिटं जास्त टिकली. उशिराचा एवढाच काय तो फायदा त्याच्या पदरात पडला.

हौसेरावांचं दुखणं मात्र निराळं होतं. त्यांचं गाव कोरेगावच्या बाजूला. तिथं थोरला भाऊ. ब्याऐंशी साली दोघांची वाजली, आणि घर सोडताना हौसेराव उंबऱ्यात उभे राहून म्हणाले होते, की या घरी पुन्हा जेवायला येणार नाही. भावानं काय म्हणावं? शिव्या दिल्या असत्या तर विसरता आल्या असत्या. भाऊ सुपारी कातरत एवढंच म्हणाला, "येशील." तो शब्द हौसेरावांच्या मानेवर चौदा वर्षं बसला होता. आता साठवलेले पैसे जेमतेम पाडव्यापर्यंत पुरणार होते. बायको अरुणा साड्यांना फॉल लावून द्यायची, त्यात भाजी निघायची, खोलीचं भाडं नाही. कुठून आधार मिळाला नाही, तर पाडव्यानंतर बोचकं बांधून त्या उंबऱ्यावर जायचं, दुसरी वाट नव्हती. रात्री कूस बदलता बदलता हौसेरावांना सुपारी कातरल्याचा आवाज ऐकू यायचा.

आणि नेमकं अशा वेळी सरकारला दया आली.

झालं असं, की कुठल्याशा खात्याचा कुणी एक मोठा साहेब सरकारी खर्चानं परदेशी अभ्यासाला जाऊन आला. तिकडे त्यानं पाहिलं, की बेकार माणसाला भत्ता मिळतो आणि त्यासाठी त्याला कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. घरबसल्या फोन करायचा, मी अजून बेकार आहे म्हणून सांगायचं, की झालं. साहेबाचा ऊर भरून आला. परत येताच त्यानं बंद कारखान्यांच्या कामगारांसाठी तशीच योजना काढली. दर महिन्याच्या एक ते पाच तारखेत, त्यासाठी उघडलेल्या सरकारी कक्षाला फोन करून आपल्या बेकारीची हजेरी द्यायची. ओळीनं तीन महिने हजेरी लागली नाही, तर माणसाला काम मिळालं असं समजून त्याचं नाव कायमचं काटण्यात येईल. तिकडे घरोघर फोन होते, इकडे नावडे कॉलनीत आमच्या अख्ख्या रांगेत एक होता आणि तोही वर्षातले आठ महिने मेलेला असायचा, ही गोष्ट साहेबाच्या अभ्यासात आली नसावी. कक्षाला फोनही दिला होता. एक. तीन तालुक्यांना मिळून.

त्रेचाळीस जणांनी अर्ज भरले. बेचाळीस बिल्लेवाले आणि त्रेचाळिसावे हौसेराव.

नाक्यावर धर्माचं पीसीओ बूथ होतं. धर्मा इथलाच, नावडे गावचा. त्याच्या बापाची जमीन कारखान्यांत गेली तेव्हा घरटी एक नोकरी देऊ म्हणून लिहून मिळालं होतं. तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बूथच्या भिंतीला टांगला होता. वीस वर्षं नोकरीची वाट बघणारा धर्मा बेकारीत हौसेरावांना खूपच सीनियर, त्यामुळे तो वडीलकीनं बोलायचा.

एक जानेवारीला हौसेराव नऊ अठ्ठावन्नला बूथवर हजर. कचेरी दहाला उघडते, दोन मिनिटं आधी गेलेलं बरं. अर्जावरचा नंबर फिरवला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई म्हणाली, की हा नंबर बदलला आहे, कृपया नोंद घ्या. नोंद काय घ्यायची, ते काही ती सांगेना. तीन दिवस धर्मानं चौकशीच्या नंबराशी हुज्जत घातली तेव्हा कळलं, की सगळ्या नंबरांच्या आधी एक आकडा नवा लागलाय. अर्ज छापणाऱ्याला ते कोण कळवणार, त्याच्याकडेही फोन नसेल. चार तारखेला खरा नंबर लागला, तो एंगेज. पाच तारखेला दिवसभर एंगेज. जानेवारी गेला.

फेब्रुवारीत फोन दोनदा वाजला. एकदा कुणी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला, हौसेराव 'नमस्कार' म्हणाले आणि पलीकडे ठेवून दिला. नमस्कारात काही चुकलं का, म्हणून हौसेराव रात्रभर विचार करत बसले. धर्माचा जीव वेगळ्याच कारणानं वैतागला होता. एंगेजला मीटर पडत नाही, आणि टाइमकीपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचा फोन अडवून बसलेला. "तुमचा सरकार कवा बी बगा, एंगेजच हाय," तो म्हणायचा. "यवरा बोलतो तरी कोनाशी?" फेब्रुवारीही गेला.

राहिला मार्च. मार्चच्या पाच तारखेला संध्याकाळी पाचच्या आत हजेरी लागली नाही, तर नाव कटलं.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता, नाहीतर मारुतीला नारळ बोलला असता. हौसेरावांनी काय करावं? वही काढली. दोन महिन्यांत त्यांनी जेवढे फोन केले होते, तेवढ्यांची वेळ लिहिली होती, मिनिटासकट. समोर काय झालं तेही: एंगेज, वाजला, उचलला, ठेवला. एकशे शहाऐंशी नोंदी. त्या त्यांनी चार दिवस पुढ्यात घेऊन घोटल्या. अरुणानं विचारलं, ही कसली पोथी. पण चौथ्या दिवशी पोथी पावली. फोन दिवसभर एंगेज असायचा, फक्त संध्याकाळी चार बेचाळीसच्या आसपास एक-दोन मिनिटं मोकळा व्हायचा. उचलला होता तोही तेव्हाच. हौसेरावांनी ताडलं, की कक्षातल्या बाई सकाळी येताच रिसीव्हर काढून बाजूला ठेवतात. चार चाळीसला घरी फोन लावून पोरं शाळेतून आली का विचारतात आणि सवयीनं रिसीव्हर जागेवर ठेवतात. चूक लक्षात यायला त्यांना दोन मिनिटं लागतात. सरकारच्या दाराला एवढी दोन मिनिटांची फट होती, आणि ती अचूक हुडकायला चौदा वर्षं खिडकीत बसलेला माणूस लागला. मी तर म्हणेन, परदेशी पाठवायचं होतं तर याला पाठवायला हवं होतं.

बातमी फुटायला वेळ कितीसा लागतो? बाकीच्या बेचाळीस जणांचीही हजेरी लागली नव्हतीच. पाच मार्चला दुपारी चारपासून धर्माच्या बूथपुढे माणसं जमली. चौदा वर्षं ज्यांचे अर्धे दिवस कापले ती हीच माणसं. पण त्या दिवशी सगळी गुमान, ओळीत. धर्मानं हौसेरावांना स्टूल दिलं, वर पंखाही त्यांच्याकडे वळवला. अरुणा फॉलची पिशवी काखेला मारून शेजारी उभी. तिला जमावाशी कर्तव्य नव्हतं. आपल्या माणसाचं नाव लागतंय एवढं कानानं ऐकायला ती आली होती.

चार एकेचाळीस, पन्नास सेकंद. हौसेरावांनी आकडे फिरवले. फोन वाजला. आणि उचलला गेला.

बाईंच्या आवाजात 'अरे देवा, राहिला वाटतं' असा भाव होता. हौसेरावांनी नमस्कारात वेळ घालवला नाही. कारखान्याचं नाव सांगितलं, बेकारीची हजेरी द्यायची आहे म्हणाले. किती माणसं, बाईंनी विचारलं. माणसं बरीच आहेत, सगळी इथंच उभी आहेत, हौसेराव म्हणाले. बाई वैतागल्या, पण बाई काही वाईट नव्हत्या. एका टेबलावर तीन तालुक्यांची बेकारी सांभाळायची म्हणजे कुणाचाही जीव रंजीस येईल. त्या म्हणाल्या, की पाचला यादी वरती जायचीय, हा फोन ठेवला की परत उचलणार नाही, तेव्हा एकदम सगळ्यांची सांगा आणि भराभर सांगा.

भराभर! अहो, हौसेरावांना दुसरं येत काय होतं? त्यांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले. समोर बूथची काच नव्हती आता, खिडकी होती. रजिस्टरही लागलं नाही. तीन, धोंडिबा अमुक, हजर. नऊ, तुकाराम तमुक, हजर. अकरा, हजर. आवाज असा खणखणीत, की नाक्यावरचा रिक्षावालासुद्धा वळून बघायला लागला. ज्याचं नाव येई तो ओळीत सवयीनं हात वर करी. पलीकडे बाईंचं पेन चालल्याचा आवाज येत होता, आणि मधेच एकदा त्या कौतुकानं म्हणाल्यासुद्धा, की अशी यादी मला अजून कुणी दिली नाही हो. चार महिने मेलेला माणूस त्या वाक्यानं ताजा झाला. अरुणा नंतर सांगायची, की त्यांचा तसा चेहरा तिनं कारखाना बंद झाल्यापासून पाहिला नव्हता.

एकशे सतराला हात वर झाला नाही, ओळीत कुजबुज झाली. हौसेरावांनी डोळे उघडले. गोटीराम नव्हता. तो असणार कसा? नंबर सोडून ते पुढे गेले. शेवटचा, एकशे चाळीस, हजर. संपली यादी. बाई म्हणाल्या, झालं? तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून एक माणूस लुंगी सावरत, हातात रिकामी दुधाची किटली घेऊन, जिवाच्या आकांतानं पळत येताना दिसला. घड्याळात चार एकावन्न. ओळीतल्या सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग हौसेरावांकडे. हौसेरावांचा अंगठा सवयीनं घड्याळावर गेला. क्षणभर तिथंच राहिला, मग त्यांनी तो काढला.

"एकशे सतरा, गोटीराम. हजर," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं. मग रीतसर विचारलं, सगळ्यांची झाली का, आणि ही यादी वाचली कुणी, खाली नाव घालावं लागतं.

"हजेरी पूर्ण. बेचाळीसपैकी बेचाळीस," हौसेराव म्हणाले. "वाचणार हौसेराव पिसाळ, टाइमकीपर."

आणि फोन ठेवला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. गोटीराम खाली बसून धापा टाकत होता आणि रडतही होता. धर्माचं बिल चांगलं झालं होतं, त्यानं चहा सांगितला. हौसेरावांनी रुमालानं मान पुसली. त्यांच्या मनासारखं काम झालं होतं.

अरुणा पुढे झाली. तिचा आवाज अगदी लहान होता.

"आणि तुमचं?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस स्वतःचं नाव कसं विसरतो? तर विसरतो. टाइमकीपरचं नाव टाइमकीपरच्या रजिस्टरात नसतं. त्याला बिल्लाही नसतो. त्याची हजेरी मॅनेजर वेगळ्या मस्टरवर घेत असे. चौदा वर्षं रोज, सगळे आत गेल्यावर, हौसेरावांनी ती यादी ओळीनं वाचली आणि रोज ती एकशे चाळिसावर संपली. 'हजेरी पूर्ण' म्हणायचं आणि खिडकी लावायची. त्या दिवशीही तसंच झालं.

हौसेरावांनी पुन्हा फोन फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. पाचपर्यंत त्यांनी एकवीस वेळा फिरवला, आणि ओळीतली बेचाळीस माणसं हातातला चहा तसाच धरून उभी राहिली. पाच वाजता कुठल्यातरी चालू असलेल्या कारखान्याचा भोंगा झाला. हौसेरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट, तारेचा पीळ काढून.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सरकारी पत्र एवढं लवकर येतं हे पाहूनच हौसेराव गार झाले. नाव काटलं होतं, ते अपेक्षितच होतं. पण कारण वाचून त्यांना खाली बसावं लागलं. त्यात लिहिलं होतं, की सदर इसम हे दिनांक पाच मार्च रोजी टाइमकीपर या पदावर काम करीत असल्याचे खुद्द त्यांच्याच निवेदनावरून या कक्षाच्या निदर्शनास आले असून, सबब ते बेकार या व्याख्येत बसत नाहीत. खाली साहेबाची सही, गोल शिक्का.

त्यांनी चार बेचाळीसला फोन लावला. बाईंनी आवाज लगेच ओळखला. त्या बिचाऱ्या मनापासून हळहळल्या. म्हणाल्या, अहो, मी तर तुमचं चांगलंच लिहिलं होतं, साहेबांना ती यादी इतकी आवडली. मग त्यांनी उपाय सांगितला. अपील करता येतं. ते फोनवर चालत नाही, समक्ष यावं लागतं, आणि येताना आपण कामावर नाही असा मालकाच्या सहीचा दाखला आणावा लागतो. मालक कुठं आहे हे पोलिसांना माहीत नव्हतं, बँकेला माहीत नव्हतं. हौसेरावांनी आभार मानले आणि फोन ठेवला. एवढं नीट बोललेलं माणूस त्यांना चार महिन्यांत दुसरं भेटलं नव्हतं.

योजनेचं म्हणाल, तर पुढच्या महिन्यापासून ती बंद झाली. साहेब आणखी कुठल्याशा देशाला गेला होता. पण बेचाळीस जणांना तीन महिन्यांचा भत्ता मिळाला, सुटला नाही कुणाचा. गोटीरामलासुद्धा.

पाडवा झाल्यावर पिसाळांनी खोली सोडली. गोटीरामनं दोनदा येऊन पैसे पुढे केले होते, हौसेरावांनी ते घेतले नाहीत. अरुणानं दारावरची पाटी काढून ट्रंकेत ठेवली. भावाला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, ते हौसेरावांनी तिला दाखवलं नाही. पनवेलच्या स्टँडवरून सकाळी साडेसहाची गाडी. पिसाळ नवराबायको अर्थातच सव्वापाचला घरातून निघून पाच पंचावन्नला स्टँडवर. आणि बघतात तर काय, फलाटाच्या बाकावर गोटीराम बसलेला. दुधाची किटली शेजारी. तो म्हशी शेजाऱ्यावर टाकून आला होता.

हौसेरावांनी घड्याळात पाहिलं.

"सायेब, आज आदी आलो," गोटीराम म्हणाला. "लिवा."

हौसेराव म्हणाले, की बाबा रे, मी आता कुणाची हजेरी घेत नाही, रजिस्टर सोडून दिलं. गोटीराम उठला, लुंगी सोडून नीट केली, आणि हौसेराव खिडकीत बसत तसा ताठ होऊन भर स्टँडवर मोठ्यानं ओरडला, "हौसेराव पिसाल!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. हौसेरावांना बिल्ला नव्हता, म्हणून नंबर आला नाही. चौदा वर्षांत त्यांचं नाव असं कुणी पुकारलं नव्हतं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"हजर आहेत," अरुणा म्हणाली.

गोटीरामनं मान डोलावली आणि ट्रंक खांद्यावर घेतली. गाडी सहा चौतीसला सुटली, चार मिनिटं उशिरा. हौसेराव खिडकीशी बसले होते. त्यांनी नोंद केली नाही.